काळ्या रेघांचा पुरावा : जॉन स्नो यांच्या कॉलराविषयक ग्रंथाचे पुनर्वाचन

काही ग्रंथ न वाचताच सर्वांना माहीत असतात. जॉन स्नो या इंग्रज डॉक्टरांचा ‘ऑन द मोड ऑफ कम्युनिकेशन ऑफ कॉलरा’ हा १८५५ सालचा ग्रंथ असाच आहे. त्याच्याविषयी प्रचलित असलेली कथा थोडक्यात अशी : १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकीची भयंकर साथ आली, स्नो यांनी प्रत्येक मृत्यू नकाशावर मांडला, सगळे ठिपके ब्रॉड स्ट्रीटवरील एका हातपंपाभोवती गोळा झालेले दिसले, पंपाचा दांडा काढण्यात आला आणि साथ थांबली. रोग आणि जागा यांचा संबंध नकाशांच्या व संगणकाच्या साहाय्याने तपासणारे आजचे शास्त्र या नकाशाला आपला मूळपुरुष मानते, आणि त्या विषयावरील अनेक पाठ्यपुस्तके याच कथेने सुरू होतात. कथा सुबक आहे, लक्षात राहणारी आहे. अडचण एवढीच, की ग्रंथ उघडल्यावर ती तेथे सापडत नाही.

वैद्यकावरील ग्रंथाची चर्चा साहित्याला वाहिलेल्या पत्रिकेत कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याला दोन उत्तरे देता येतात. पहिले असे, की नकाशा हीदेखील एक संहिता असते. तिला निवेदक असतो, तिच्यात निवड असते, काही सांगितलेले आणि काही गाळलेले असते. आणि अशी संहिता कशी वाचावी हा समीक्षेचाच प्रांत आहे. दुसरे उत्तर अधिक निकडीचे आहे. २०२० साली आपल्यापैकी प्रत्येकाचे गाव कोणत्या ना कोणत्या रंगाने नकाशावर रंगवले गेले. त्या रंगावर दुकाने उघडली, रस्ते बंद झाले, माणसे एकमेकांकडे संशयाने पाहू लागली. ज्या संहितेची आपल्या जगण्यावर एवढी सत्ता चालते, ती वाचण्याची रीत आपण शिकून घेतली पाहिजे. स्नो यांचा ग्रंथ ती रीत शिकवतो. मात्र ज्या कारणासाठी तो गाजला, त्या कारणाने नव्हे.

प्रथम ग्रंथाविषयी. स्नो यांचा जन्म १८१३ साली यॉर्क येथे एका मजुराच्या घरी झाला. चौदाव्या वर्षी ते न्यूकॅसल येथे एका वैद्याच्या हाताखाली उमेदवारीला लागले आणि १८३१-३२ च्या साथीत कोळशाच्या खाणींतील मजुरांवर उपचार करताना त्यांनी पटकी जवळून पाहिली. पुढे लंडनमध्ये ते भूल देण्याच्या शास्त्रातील अधिकारी पुरुष झाले. १८५३ साली राणी व्हिक्टोरियाच्या प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म देणारे डॉक्टर तेच. पटकीवरील त्यांची पहिली पुस्तिका १८४९ मध्ये निघाली. ती जेमतेम तीस पानांची होती. १८५५ ची दुसरी आवृत्ती दीडशेहून अधिक पानांची आहे. तिच्यासाठी स्नो यांनी स्वतःच्या खिशातून दोनशे पौंडांहून अधिक रक्कम खर्च केली आणि तितके शिलिंगही परत आले नाहीत, असे त्यांचे मित्र रिचर्डसन यांनी लिहून ठेवले आहे. १८५८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, स्नो वारले. आपले म्हणणे सर्वमान्य झालेले त्यांना पाहायला मिळाले नाही.

ग्रंथाचा आरंभ हिंदुस्थानातून होतो. पटकीच्या ज्ञात इतिहासाचे सूत्र स्नो अठराव्या शतकातील हिंदुस्थानापासून हाती घेतात आणि एक साधे निरीक्षण मांडतात : हा रोग माणसांच्या दळणवळणाच्या वाटांनी जातो आणि माणसांच्या प्रवासाहून अधिक वेगाने कधीच जात नाही. त्या काळी बहुसंख्य विद्वानांचा समज असा होता, की घाणीतून उठणारी दूषित हवा रोग निर्माण करते. हवेला रस्ते लागत नाहीत. रोग रस्त्यांनी जात असेल, तर तो माणसांबरोबर जात असला पाहिजे. पुढची पायरी शरीराची. पटकीचा पहिला आघात आतड्यांवर होतो, ताप किंवा इतर लक्षणे आधी येत नाहीत. म्हणून विष फुप्फुसांतून नव्हे, तर गिळण्यातून शरीरात शिरत असावे, आणि रोग्याच्या मलातून ते बाहेर पडत असावे. खाणीतील मजूर शौचकूप नसलेल्या भुयारात दिवसभर राहतात आणि न धुतलेल्या हातांनी तेथेच जेवतात, हा तपशील या तर्काला जोडून येतो. हा सारा युक्तिवाद १८४९ च्या पुस्तिकेतच आकाराला आला होता. म्हणजे सोहोतील साथ उद्‍भवली तेव्हा पाण्याविषयीचा संशय पाच वर्षांचा जुना होता. नकाशा अजून काढायचा होता.

३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री साथीचा भडका उडाला. ब्रॉड स्ट्रीट व केम्ब्रिज स्ट्रीट जेथे मिळतात त्या ठिकाणापासून अडीचशे यार्डांच्या आत दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. स्नो यांचा संशय थेट पंपाकडे गेला. त्यांनी पाणी तपासले. त्यात विशेष दोष दिसला नाही. कोणीही येथे थांबला असता. स्नो यांनी मृत्युनोंदणीच्या मुख्य कचेरीतून त्या आठवड्याची यादी मिळवली आणि घरोघर चौकशीला निघाले.

या चौकशीचे निवेदन हा ग्रंथाचा गाभा आहे. साथ भडकल्याच्या तीन दिवसांतील ८३ मृत्यूंचा हिशेब ते देतात. त्यांपैकी ७३ घरे ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाला जवळची. त्या ७३ पैकी ६१ जण त्या पंपाचे पाणी नेहमी किंवा अधूनमधून पीत, असे कळले. सहा जणांविषयी काहीच माहिती मिळाली नाही. आणि सहा जण ते पाणी पीत नव्हते, असे सांगण्यात आले. उरलेली दहा घरे दुसऱ्याच पंपाला जवळची होती. त्यांपैकी पाच कुटुंबे पाण्याच्या आवडीमुळे मुद्दाम ब्रॉड स्ट्रीटवरून पाणी आणवीत. तीन मुले त्या पंपाजवळच्या शाळेत जात. राहिलेले दोन मृत्यू साथ भडकण्यापूर्वीही लंडनमध्ये जे तुरळक मृत्यू घडत होते, त्यांत मोडण्यासारखे होते.

येथे थोडे थांबून या गद्याचे स्वरूप पाहावे. त्यात अलंकार नाहीत. मरणाऱ्यांच्या यातनांचे वर्णन जवळजवळ नाही. परंतु आपल्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारे सहा आणि ठाऊक नसलेले सहा हे दोन्ही आकडे लेखकाने झाकले नाहीत. अनुकूल आकड्याच्या शेजारीच, तेवढ्याच शांतपणे, ते लिहिले आहेत. युक्तिवादाची प्रामाणिकता ओळखण्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

यापुढे येतात ते अपवाद, आणि ग्रंथातील सर्वांत बोलकी पाने तीच आहेत. पोलंड स्ट्रीटवरील निर्धनांच्या श्रमगृहात ५३५ माणसे राहत होती. भोवतालच्या घरांत मृत्यूंचा खच पडला असता तेथे फक्त पाच जण पटकीने मेले, कारण श्रमगृहाच्या आवारात स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच बिअरचा कारखाना होता. तेथील सत्तरहून अधिक कामगारांपैकी एकही पटकीने दगावला नाही. त्यांना कारखान्याची बिअर मिळे आणि ते पंपाकडे फिरकतच नसत. त्याच रस्त्यावरच्या बंदुकीच्या टोप्यांच्या कारखान्यात मात्र कामगारांसाठी पंपाचे पाणी पिंपांत भरून ठेवीत. तेथील अठरा जण मेले. आणि सर्वांत लक्षणीय अपवाद दूर हॅम्पस्टेडचा. तेथे राहणाऱ्या एका विधवेला ब्रॉड स्ट्रीटचे पाणी फार आवडे, म्हणून ते रोज गाडीने तिच्याकडे जाई. तिने ते प्यायले आणि ती मेली. तिच्याकडे आलेली भाची तेच पाणी पिऊन इस्लिंग्टनला आपल्या घरी परतली आणि तीही मेली. हॅम्पस्टेडमध्ये किंवा इस्लिंग्टनच्या त्या भागात त्या वेळी दुसरी पटकी नव्हती.

आता नकाशाकडे वळू. हॅम्पस्टेडची विधवा त्या नकाशात नाही. ती त्याच्या चौकटीबाहेर आहे. श्रमगृह व बिअरचा कारखाना नकाशात आहेत, पण तेथे रेघा का नाहीत हे नकाशा सांगू शकत नाही. पंपाजवळ राहून ते पाणी न पिणारे आणि दूर राहून ते पिणारे, अशा माणसांच्या साक्षीवर पुरावा उभा आहे. आणि जवळ-दूर एवढेच जाणणाऱ्या नकाशाला नेमकी तीच साक्ष नोंदवता येत नाही. हा नकाशा स्नो यांनी एपिडेमिऑलॉजिकल सोसायटीपुढे प्रथम ठेवला तो डिसेंबर १८५४ मध्ये, म्हणजे पंपाचा दांडा निघाल्यानंतर जवळपास तीन महिन्यांनी. २००० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हॉवर्ड ब्रॉडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेल्या लेखाने हे स्पष्ट केले, की नकाशाने स्नो यांना कल्पना सुचवली नाही. आधीच तयार झालेली कल्पना इतरांना पटवण्यासाठी त्यांनी नकाशा वापरला. ग्रंथ वाचणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

नकाशात ठिपकेही नाहीत. ते पुढच्या काळात इतरांनी काढलेल्या प्रतींमधले. मूळ नकाशात प्रत्येक मृत्यूसाठी एक आडवी काळी रेघ आहे आणि एका घरातील रेघा एकावर एक रचलेल्या आहेत. काही दारांपुढे रेघांचा ढीग उभा राहिला आहे. ठिपक्यांची गर्दी पाहून डोळा परिसर पाहतो. रचलेल्या रेघा पाहून डोळ्याला घर दिसते, त्या घरातील मृतांची संख्या दिसते. प्रतिमेच्या निवडीत अर्थ कसा बदलतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

आणि तरीही नकाशाने कोणालाही गप्प केले नाही. लंडनच्या गटार आयोगातील अभियंते एडमंड कूपर यांनी सप्टेंबर १८५४ मध्येच त्याच भागाचा, त्याच मृत्यूंचा नकाशा काढला होता. लोकांत अशी वदंता होती, की नवी गटारे खणताना १६६५ च्या प्लेगमध्ये पुरलेल्या प्रेतांची जमीन उकरली गेली आणि तेथील विषारी वाफेने साथ आली. कूपर यांचा प्रश्न गटारांचा होता, म्हणून त्यांच्या नकाशात गटारे ठळक आहेत आणि प्लेगच्या दफनभूमीची जागा दाखवली आहे. सरकारी आरोग्य मंडळाच्या समितीनेही त्याच परिसराचा तपशीलवार तपास केला, आणि पाण्याचे अनुमान स्वीकारण्यास आधार नाही असा निष्कर्ष काढला. मृत्यू तेच, गल्ल्या त्याच; एकाला पंप दिसला, दुसऱ्याला गटार, तिसऱ्याला हवा. ज्याच्या मनात जो प्रश्न होता, त्याला नकाशाने तेच उत्तर दिले.

याच काळातील एक प्रसिद्ध चूक येथे आठवते. इंग्लंडमधील मृत्युनोंदणीचे सांख्यिकीतज्ज्ञ विल्यम फार यांनी १८४९ च्या साथीचे आकडे तपासून असे दाखवले होते, की थेम्सच्या पातळीपासून जमीन जितकी उंच तितके पटकीचे मृत्यू कमी. हा संबंध आकड्यांत खरोखरच होता आणि फार यांचे गणितही चोख होते. चूक अन्वयार्थात होती. सखल भागांना नदीच्या अधिक घाणेरड्या पट्ट्यातील पाणी मिळत होते. उंचीचा संबंध पाण्यामार्फत होता. जागा आणि रोग यांची सांगड दिसली म्हणजे जागाच रोगाचे कारण ठरत नाही, हा धडा फार यांच्या चुकीतून मिळतो. त्यांच्या मोठेपणाची नोंदही करायला हवी. स्नो यांना आकडे पुरवून त्यांनी मदत केली, आणि १८६६ च्या साथीत पूर्व लंडनचे दूषित पाणी शोधून काढण्यात स्वतः पुढाकार घेतला.

ग्रंथात आणखी एक नकाशा आहे. त्याच्याविषयी फारसे बोलले जात नाही. माझ्या मते तो अधिक महत्त्वाचा आहे. हा दक्षिण लंडनचा. तेथे दोन कंपन्या पाणी पुरवीत होत्या. त्यांपैकी लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपली पाणी उचलण्याची जागा शहराच्या सांडपाण्यापासून दूर, थेम्स डिटनला नेली. सदर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र बॅटरसी येथेच पाणी उचलीत राहिली. काही भाग एका कंपनीचा, काही दुसरीचा, आणि मोठा भाग दोघींचा. या सामाईक भागात एकाच गल्लीत शेजारच्या दोन घरांना दोन कंपन्यांचे पाणी जाई. नकाशावर दोन रंग एकमेकांत मिसळून गेलेले दिसतात. या मिसळलेल्या पट्ट्यात नकाशा मुका होतो. कोणते घर कोणाचे हे त्यावरून मुळीच कळत नाही.

स्नो यांची प्रतिभा येथे दिसते. नकाशाचे हे अपयशच प्रयोगाला योग्य आहे, हे त्यांनी ओळखले. श्रीमंत-गरीब, उंच-सखल, स्वच्छ-अस्वच्छ असे सारे भेद या मिश्रणात समान वाटले गेले होते. उरला होता फक्त पाण्याचा भेद. तीन लाखांहून अधिक माणसे, त्यांना न विचारता आणि बहुधा त्यांच्या नकळत, दोन गटांत विभागली गेली होती. पुन्हा दारे ठोठावणे आले. अनेक भाडेकरूंना आपल्या कंपनीचे नावही सांगता येत नसे, म्हणून स्नो यांनी पाण्याचाच कस लावला. बॅटरसीच्या पाण्यात मिठाचे प्रमाण थेम्स डिटनच्या पाण्याच्या कितीतरी पट होते. सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले की ते दाट पांढरे होई आणि दुसरे जेमतेम धुरकट. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा त्यांचा हिशेब असा : सदर्क अँड व्हॉक्सहॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, म्हणजे दर दहा हजार घरांमागे ३१५, लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८ मृत्यू, म्हणजे ३७, उरलेल्या लंडनमध्ये ५९. सोहोच्या नकाशात जे नव्हते ते या कोष्टकात आहे. मेलेले किती, एवढेच सांगून येथे भागवलेले नाही. कितीपैकी मेले, हेही सांगितले आहे. छेदाशिवाय अंश निरर्थक असतो, हे शालेय गणित रोगाचा नकाशा पाहताना भलेभले विसरतात.

ग्रंथातील दोषही सांगितले पाहिजेत. सोहोच्या पहिल्या नकाशात पंपाची जागा किंचित चुकली होती. पुढे पॅरिशच्या चौकशी समितीच्या अहवालात दिलेल्या नकाशात ती सुधारली गेली. त्या सुधारित नकाशात स्नो यांनी आणखी एक मोलाची भर घातली. ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि भोवतालचे पंप यांच्यापासून चालत जाण्याचे अंतर सारखे पडेल अशा बिंदूंची तुटक रेषा त्यांनी आखली. अंतर सरळ रेषेत न मोजता गल्लीबोळांतून मोजले. बादली घेऊन जाणाऱ्या बाईची पावले मोजावीत तसे. सर्वांत मोठा दोष मात्र ग्रंथाच्या अखेरच्या भागात आहे. तेथे प्लेग, पीतज्वर आणि हिवताप यांच्या प्रसारालाही पटकीचाच न्याय लावता येईल असे ते सुचवतात. आज आपल्याला ठाऊक आहे, की प्लेग पिसवांनी आणि इतर दोन डासांनी पसरतात. तोच लेखक, तीच तर्कशैली. परंतु या पानांत एकही दार ठोठावलेले नाही. साक्षीदार संपले आणि केवळ सादृश्य उरले, तेथे स्नो यांचीही वाट चुकली.

दांड्याविषयीची दंतकथा तर त्यांनी स्वतःच मोडून ठेवली आहे. ७ सप्टेंबरला त्यांनी पॅरिशच्या कारभाऱ्यांची भेट घेतली आणि दुसऱ्या दिवशी दांडा निघाला, हे खरे. पण तोवर लोक घरे सोडून पळाले होते, साथ ओसरू लागली होती, आणि विहिरीतील विष तेव्हाही शिल्लक होते की नाही हे ठरवता येत नाही, असे ते स्पष्ट लिहितात. विजयाचे श्रेय हाती आलेले असताना ते घेण्यास नकार देणारा लेखक विरळा.

या प्रकरणातील शेवटचा दुवा जोडला तो एका विरोधकाने. सेंट ल्यूक चर्चचे तरुण उपधर्मगुरू हेन्री व्हाइटहेड यांना पाण्याचे अनुमान मुळीच पटले नव्हते. ते खोटे ठरवण्यासाठीच ते आपल्या ओळखीच्या घरांत पुन्हापुन्हा जाऊन विचारू लागले, आणि विचारता विचारता त्यांचे मत पालटले. ४० क्रमांकाच्या घरात एक तान्हे मूल साथीच्या आधी काही दिवस जुलाबाने आजारी पडले होते. त्याची दुपटी धुतलेले पाणी आईने घराच्या पुढच्या भागातील मैल्याच्या खड्ड्यात ओतले होते. खणून पाहिले तेव्हा तो खड्डा विहिरीपासून तीन फुटांच्याही आत निघाला आणि त्याची भिंत ढासळलेली होती. स्टीव्हन जॉन्सन यांच्या २००६ च्या ‘द घोस्ट मॅप’ या पुस्तकाचे श्रेय हे, की त्याने व्हाइटहेड यांना स्नो यांच्या बरोबरीने उभे केले. मात्र शीर्षकात त्यांनीही नकाशालाच बसवले. त्या आईशी बोलू शकेल असा माणूस गल्लीत होता, हे खरे तर त्या कथेचे मर्म आहे.

आपल्याकडे रोगाचा नकाशा फार पूर्वी शिवेने काढलेला होता. पटकी आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत नेऊन गावाच्या शिवेबाहेर सोडायचा, ही रीत अनेकांनी घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल. शिवेच्या आतील माणसांना त्याने धीर मिळे. पलीकडच्या गावाच्या वाट्याला गाडा येई. रेषा आखली की दुःख तिच्या पलीकडे जाते, ही समजूत केवळ खेड्यातल्या अशिक्षितांची होती असे मात्र समजू नये.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताची साथ प्रथम ओळखली ती डॉ. अकासियो गाब्रियल व्हिएगस यांनी. ते मूळचे गोव्यातील हडफड्याचे. त्यांनी ती ओळखली रोग्यांच्या अंथरुणाशी बसून. पुढे सरकारी यंत्रणा उभी राहिली ती मात्र जागेवर रोख धरून. रोग घाणीत व जमिनीत आहे या समजुतीने गटारांत कार्बोलिक ॲसिड सोडण्यात आले, घरे चुन्याने रंगवली गेली, आणि अनेक घरांवर माणसांच्या वस्तीस अयोग्य अशा अर्थाची यू. एच. एच. ही इंग्रजी आद्याक्षरे रंगवण्यात आली. हाही नकाशाच; फक्त कागदाऐवजी माणसांच्या भिंतींवर काढलेला. त्या भिंतीमागे काय घडले, उंदीर आधी मेले होते काय, घरातील माणसे कोठे गेली, हे विचारण्याऐवजी झडत्या झाल्या आणि माणसांना ओढून नेण्यात आले. पुण्यात २२ जून १८९७ रोजी जे घडले त्यामागचा संताप आपल्याला ठाऊक आहे. १९०५ मध्ये काम सुरू केलेल्या प्लेग संशोधन आयोगाने मुंबईतच उंदीर आणि पिसवा यांचा चिकाटीने माग काढला आणि उंदरांतील साथ आधी, माणसांतील नंतर, हा क्रम सिद्ध केला. तोवर घराला दोष देऊन झाला होता.

३० एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने जाहीर केलेल्या यादीत १३० जिल्हे लाल, २८४ नारिंगी आणि ३१९ हिरवे होते. इंदूर, बडोदे, हैदराबाद लाल. गोव्याचे दोन्ही जिल्हे हिरवे. साथीच्या गोंधळात काही तरी विभागणी करणे शासनाला भाग होते, हे मान्य केले पाहिजे. पण लाल जिल्ह्यात एकही रोगी नसलेली शेकडो गावे होती, आणि हिरव्या गोव्यात जून उजाडताच वास्कोतील मांगोर हिल प्रतिबंधित करावे लागले. जिल्ह्याची हद्द महसुलासाठी आखलेली असते. विषाणू तिला ओळखत नाही. हद्द बदलली की नकाशाचा रंग बदलतो, रोग बदलत नाही. या अडचणीवर आजच्या शास्त्राने काही उपाय शोधले आहेत. मार्टिन कुलडॉर्फ यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत लहानमोठी वर्तुळे नकाशावर फिरवून, आतील लोकसंख्या लक्षात घेऊन, एखाद्या ठिकाणचा रोग्यांचा पुंजका केवळ योगायोग आहे की नाही हे तपासले जाते. ही साधने मोलाची आहेत. ती कोठे जाऊन विचारायचे हे सांगतात. विचारायला जावेच लागते.

स्नो यांच्या ग्रंथाचे माझ्या दृष्टीने मूल्य येथे आहे. रोगाचा कोणताही नकाशा समोर आला, की त्याला चार प्रश्न विचारावेत असे हा ग्रंथ शिकवतो. कितीपैकी किती? हद्द कोणी आणि कशासाठी आखली? जेथे रोग असायला हवा होता तेथे तो का नाही, आणि जेथे नसायला हवा होता तेथे का आहे? आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : दार कोणी ठोठावले? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे आता यंत्रे बरीचशी देऊ शकतात. चौथ्याचे उत्तर नसेल, तर तो नकाशा कितीही देखणा असला तरी एखाद्या वस्तीवर ठेवलेला आळ एवढीच त्याची योग्यता राहते.

म्हणून सोहोच्या त्या काळ्या रेघांकडे पाहताना पंप शोधण्याची घाई करू नये. प्रत्येक रेघ एका घरातील एका माणसाची आहे, आणि ७३ जणांच्या त्या हिशेबातील प्रत्येक माणसामागे एक प्रश्न विचारला गेला आहे : कोणते पाणी पीत होता? त्यांपैकी सहांचे उत्तर मिळाले नाही, आणि ते मिळाले नाही असे लिहून ठेवले गेले. या सहांच्या नोंदीमुळेच उरलेल्यांवर विश्वास ठेवावासा वाटतो.